साळुंकीचा पाय

“ठीक आहे म्हणू नका. ठीक आहे म्हणणाऱ्याला पाय मिळत नाही. कुठे दुखतं ते बोट ठेवून सांगा.”

हा आवाज कानसनं पहिल्यांदा ऐकला तो लाकडी आडभिंतीपलीकडून. तेव्हा ती कानस नव्हती. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डब्याचं झाकण उगीच उघडझाप करणारी, कामाचा पहिला दिवस कसा सरेल या घोरात असलेली एक बाई होती. पलीकडे कुणी म्हातारा कण्हत कण्हत म्हणत होता, बरं आहे हो, ठीक आहे. त्यावर हा आवाज आला. त्यात राग नव्हता आणि लाडही नव्हता. खोल विहिरीत पडलेल्याला काठावरून दोर सोडावा तसा तो आवाज होता. धरायचा तेव्हा धर, मी काही काठ सोडून जात नाही. थोड्या वेळानं म्हातारा हमसून हमसून रडला आणि म्हणाला, “इथं. इथं टोचतं बाई.”

“हां. आता आपण कामाला लागलो,” आवाज म्हणाला.

त्या आवाजाच्या बाईला सगळे साळुंकी म्हणत. तोंडाला खळ नाही म्हणून.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून, कृत्रिम पाय बनवायचा तो कारखाना होता. एका खोलीत प्लास्टर कालवायचं, दुसरीत शेगडा आणि भट्टी, आणि शेवटच्या लांबट खोलीत कमरेच्या उंचीच्या दोन समांतर दांड्या. त्यांच्या टोकाला भिंतभर आरसा. पाय गमावलेलं माणूस त्या दांड्या धरून आरशातल्या स्वतःकडे चालत जायचं. कुणी पोचायचं, कुणी अर्ध्यातून परतायचं. कापून राहिलेल्या भागाला तिथे कुणी थोटूक म्हणत नसे. ‘उरलेला पाय’ म्हणत. हा शब्दही साळुंकीनंच रुळवलेला. “गेलं ते गेलं. आपलं सोयरपण उरलेल्याशी,” ती म्हणायची.

नव्या बाईचा बाप सुतार होता. हातात कला बापाची आणि तोंडात कुलूप आईचं. नवरा अकाली गेलेला, पदरी लहानगी लेक. ती प्लास्टरचा साचा शिकंज्यात धरायची, कानस फिरवायची, आणि दिवस मावळेपर्यंत तिच्या तोंडून अक्षर निघायचं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी साळुंकीनं कमरेवर हात ठेवून तिला निरखलं.

“ही बाई आहे की कानस? घासते तेवढी. बोलायचं काय पैसे पडतात?”

झालं. बारसं तिथेच झालं.

कानसची पंचाईत अशी, की साच्यापुढे ती रमायची आणि माणसापुढे मेणाची बाहुली व्हायची. पेशंट समोर बसला की ही नुसती त्याच्या पायाकडे बघायची. एकदा साळुंकीनं तिला बाहेर ओढून नेलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. “अगं, तुझ्यापुढे पाय आलेला नाही. पाय तर गेलाय. माणूस आलंय. त्याच्या तोंडाकडे बघ.” मग रोज एका पेशंटशी तिनं बोलायचं आणि साळुंकीनं आडभिंतीमागे गप्प बसायचं, असं ठरलं. साळुंकीला गप्प बसणं कानसला बोलण्याइतकंच जड जायचं. दोघींनीही ते एकमेकींसाठी निभावलं.

उलट बाजूनं, साळुंकीचा कानशीचा हात उतावळा. चार रपाट्यांत साचा उरकायची. कानस तिच्या मनगटावर हात ठेवायची. “मारू नकोस त्याला. विचार.” हे चार शब्द साळुंकी पुढे सगळ्यांना ऐकवायची, जणू ती गीतेतली ओळ.

या कामाची गोम अशी, की उरलेला पाय ज्या कडक पेल्यात बसतो, तो सॉकेट, त्या प्लास्टरच्या साच्यावर ओढून करतात. साच्यावर जिथे घासावं, तिथे सॉकेट अंगाला दाबून बसतं. जिथे प्लास्टरचा लेप चढवावा, तिथे ते अंगापासून सुटं राहतं. हाड जिथे कातडीला लागून असतं तिथे सुटं ठेवायचं. गुडघ्याच्या वाटीखाली एक चिवट पट्टा असतो, तिथे दाबायचं. तो पट्टा सोसतो. अख्खं माणूस त्याच्यावर टेकतं.

दोघींनी आपल्यासाठी एक नियम पाडला होता. एकीनं घासलेला साचा दुसरीनं तपासल्याशिवाय भट्टीकडे जायचा नाही, आणि तपासायचा तो डोळे मिटून. “डोळा भुलतो. सारखं दिसलं की समाधान मानतो,” कानस म्हणायची. मग साळुंकी डोळे मिटून, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा साच्यावरून हात फिरवायची, आणि गुणगुणायची:

*सुख माझं वाटलं चौघीचौघींत*
*दुःख तेवढं ठेवलं सईच्या मुठीत*

“कुणाचं गं हे?” कानसनं विचारलं होतं.

“माझ्या मावशीच्या तोंडचं. तिला कुणी शिकवलं देव जाणे. हात कर इकडे, इथे अजून घासायला हवं.”

वर्षं अशी गेली. कानसला पुढचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावी जायची संधी आली तेव्हा तिनं तोंड फिरवलं. लेकीचं कारण पुढे केलं. साळुंकीनं तिची पिशवी स्वतः भरली. “माऊला मी बघते. तू जा. परत आलीस की ती तुला आई म्हणेल की मावशी, ते तिचं ती ठरवील.” माऊ त्या काळात साळुंकीच्या कुशीत झोपली, साळुंकीसारखीच बडबडायला शिकली, आणि आई परतल्यावर दोघींच्या मध्ये बसून म्हणाली, “मला आता दोन आहेत.” कानस त्या रात्री बोलली नाही. पण साळुंकीच्या भाकऱ्या थापून दमलेल्या खांद्याला तिनं तेल चोळून दिलं. तिची बोलायची रीतच ती.

मग मोठे मास्तर म्हातारे झाले. कारखान्याचा कारभार इतकी वर्षं त्यांनी पाहिला होता. एके दिवशी त्यांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. “माझ्यामागे ही खुर्ची तुमच्यातल्या एकीची. वरच्यांना मी एकच नाव देणार. तुम्हीच सांगा.”

कानस साळुंकीकडे बघत राहिली. साळुंकी हसली. “हिला द्या. मला तोंड आहे, हिला डोकं आहे. डोकं कमी पडलं की तोंड पुरवीन मी.”

मास्तर हसले. कानसही हसली. बाहेर जिन्यात तिनं साळुंकीला गाठलं आणि विचारलं, “तुला नको होती ना गं?”

“छे. कुणाला हवीय ती डोकेदुखी.”

त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नव्हतं. ‘नको होती ना’ असं विचारलं, की समोरच्यानं ‘नको’ एवढंच म्हणायचं उरतं. हे कानसला तेव्हाही कुठेतरी ठाऊक होतं. तिनं ते तसंच ठेवलं. सुखाच्या दिवशी माणूस फार खोल खणत नाही.

वर्ष सरायच्या आत साळुंकीनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा केंद्रात काम धरलं. “घराजवळ पडतं. गुडघे दुखतात माझे, बस चढवत नाही.” निरोपाला तिनं सगळ्यांना हसवून हसवून लोळवलं. पुढे सणावारी, वाढदिवसाला फोन व्हायचा. कशी आहेस? ठीक आहे. तू? ठीक आहे. ज्या दोघींनी कुणाचं ठीक आहे कधी ऐकून घेतलं नाही, त्या एकमेकींचं ऐकून घेत राहिल्या.

आणि एक दिवस साळुंकीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताईचा पाय काढला. साखरेनं. तळव्याला जखम होती, बुटात लपवून हिंडत होती. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, पण मी सांगतेय. ती पाय लावायलाच तयार नाही. खुर्चीत बरी आहे म्हणते. तुम्ही याल का?”

कानस गेली. साळुंकी खिडकीशी उशांना टेकून बसली होती. अंगानं अर्धी झालेली, आवाज मात्र तोच.

“या मुख्य बाई. बघा, घरबसल्या गिऱ्हाईक.”

कानसला हसू आलं नाही. ती खाटेच्या कडेला बसली. चादरीखाली एका बाजूला उंचवटा होता आणि एका बाजूला नव्हता. उभ्या आयुष्यात तिनं असे शेकडो पाय पाहिले होते. हा तिला बघवेना.

“जखम सांगितली का नाहीस?”

“कुणाला सांगू? मीच तर लोकांना सांगायला शिकवते.” साळुंकीनं खिडकीबाहेर बघितलं. “तुझ्या हातचा असेल तर एकदा उभी राहीन. एकदाच हं. नाही जमलं तर मला परत त्या दांड्यांमध्ये नेऊ नका. आरशात अर्ध्यातून परतणारी माणसं मी फार बघितलीत. त्यांतली एक मला व्हायचं नाही.”

बहीण दारात उभी राहून डोळे पुसत होती.

टाके भरून आल्यावर साळुंकी कारखान्यात आली. दारात तिनं चाकाची खुर्ची थांबवली आणि भिंती पाहिल्या. “रंग बदलला,” एवढंच म्हणाली. कानसनं स्वतः तिच्या उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवला, जांभळ्या पेन्सिलीनं हाडांच्या जागा आखल्या, ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. प्लास्टर आवळत जातं तसं ऊन होत जातं. दोघी त्या उबेत गप्प बसल्या. साळुंकी गप्प आहे हे बघायला आतल्या खोलीतली मंडळी डोकावून गेली.

मग साचा ओतला आणि कानस शिकंज्यापाशी उभी राहिली.

हाडाच्या जागी तिनं लेप चढवला, नेहमीपेक्षा जरा जास्त. बाजूंना चढवला. मग गुडघ्याखालच्या त्या पट्ट्यापाशी कानस टेकवली आणि हात अडला. इथे घासायचं म्हणजे उद्या इथे दाबायचं. ती दोन हात मागे सरकली, पुन्हा पुढे आली, आणि अगदी हलक्यानं, वरवर फिरवून पुढे गेली. साचा तिला सुबक दिसला. डोळ्याला भुलायला वेळ लागत नाही.

पहिल्या दिवशी साळुंकी दांड्यांमध्ये उभी राहिली. नव्या पायात तिनं भार टाकला, तेव्हा सॉकेटमधून हवा सुटल्याचा फुस्स आवाज झाला.

“ऐकलं का? पायालाही माझ्यासारखं तोंड आहे,” ती म्हणाली.

दोन पावलं, चार पावलं. कपाळावर घाम आला. दांड्या धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली.

“कुठे दुखतं?” कानसनं विचारलं.

“ठीक आहे.”

“नीट सांग.”

“सांगितलं ना. ठीक आहे. छान केलायस. बसव मला आता.”

तिला बसवलं. कानसनं पाय उतरवला, मोजा सोडवला. लाली बघायची असते. जिथे भार घ्यायचा तिथे लाल हवं आणि थोड्या वेळात मावळायला हवं. पट्ट्यापाशी कातडी कोरी होती. खाली हाडाच्या टोकाला मात्र लालभडक चट्टा उठला होता, आता फुटेल की मग फुटेल असा. सगळीकडे सैल सोडलेल्या सॉकेटमध्ये पाय खाली घसरला होता, आणि जिथे मुळीच सोसवत नाही नेमका तिथेच टेकला होता.

कानस गुडघे टेकून बसली होती तशीच बसून राहिली. असली चूक तिनं शिकाऊ असतानाही केली नव्हती.

“ठीक आहे म्हणणाऱ्याला पाय मिळत नाही,” ती हळूच म्हणाली. “कोण म्हणायचं गं हे?”

साळुंकीनं मान वळवली. “तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलं. इतक्या आशेनं बघत होतीस.”

“हाडावर उभी राहिलीस तू. माझ्या तोंडासाठी.”

“आणि तू? हा साचा कुणी तपासला?”

“कुणी नाही.”

“म्हणजे?”

“तू गेल्यापासून माझे साचे कुणी तपासत नाही. मी मुख्य आहे ना.”

खोलीत कुठेतरी नळ ठिबकत होता. साळुंकीनं सैल सॉकेट मांडीवर घेतलं, डोळे मिटले, आणि आतून बोटं फिरवली. पट्ट्याच्या जागी तिची बोटं थांबली.

“इथे तुझा हात भ्यायला.”

“हो.”

“माझी कीव आली तुला.”

“कीव नाही. माया आली.”

“मायेनं सैल केलेला पाय माणसाला पाडतो बाई.” तिनं डोळे उघडले. ते भरलेले होते. “एकदाच म्हटलं होतं मी. आठवतंय ना?”

“आठवतंय.” कानस उठली. आयुष्यात फार थोड्या वेळा तिचा आवाज चढला असेल, आताही चढला नाही, फक्त घट्ट झाला. “पण ते एकदा हे नव्हे. हा पाय मी एकटीनं केला. आपण एकट्यानं कधी केला होता का? उद्या पुन्हा पट्ट्या गुंडाळणार. घासणार मी, हात तू फिरवायचास. मग उभी राहा आणि मग परत जायचं तर जा.”

साळुंकीनं एकदा त्या आरशाकडे बघितलं. मग नाक ओढून म्हणाली, “बोलायला शिकलीस गं तू. कुणी शिकवलं कोण जाणे.”

चट्टा विरेपर्यंत थांबावं लागलं. मग नवा साचा शिकंज्यात चढला. साळुंकीची खुर्ची त्याला खेटून लावली. कानस घासायची, थांबायची, बाजूला व्हायची. साळुंकी डोळे मिटून हात फिरवायची. पांढरी भुकटी दोघींच्या केसांवर बसत होती. केस आधीच पांढरे होते, त्यामुळे कुणाला फरक कळला नसता.

“इथे अजून.”

“दुखेल.”

“घास. हे माझं आहे, मला ठाऊक आहे. इथे सोसतं.”

कानसनं घासलं.

“अजून.”

हात पुन्हा अडला. साळुंकीनं डोळे न उघडता तिचं मनगट धरलं. “मारू नकोस त्याला,” ती म्हणाली. “विचार. आणि मी हो म्हणतेय.”

कानस पुढे सरकली. प्लास्टरचा लांब, पातळ कीस खाली पडला. त्या वेळी साळुंकी गुणगुणायला लागली, जुनंच, पण पहिल्या ओळीवरच थांबली. दुसरी ओळ तिनं म्हटली नाही. कानसच्या ते ध्यानात आलं. तिनं विचारलं नाही. तरी न विचारल्याचा सल या वेळी गेला नाही, कामभर सोबत राहिला.

दुसरा पाय तयार झाला तो दिवस ढगाळ होता. धाकटी बहीण बाहेर बाकावर बसली. आत यायचा तिला धीर नव्हता. साळुंकीनं दांड्या धरल्या आणि भार टाकला. फुस्स आवाज आला नाही. जमिनीला टेकताना ठक्क असा भरीव आवाज आला. दोघींनीही तो ऐकला.

एक पाऊल. मग दुसरं. साळुंकीचा श्वास मोठा होत होता. निम्म्या वाटेवर, जिथून माणसं परतायची, तिथे ती थांबली. आरशात तिचा चेहरा आणि तिच्या खांद्यामागे कानसचा चेहरा, दोन्ही एका चौकटीत होते.

“कुठे दुखतं?” कानसनं विचारलं.

साळुंकीनं एक हात दांडीवरून सोडला, वाकली, आणि गुडघ्याखाली बोट ठेवलं. “इथे. बऱ्यापैकी. पण टेकता येतंय.”

“आणि खाली?”

“खाली काही नाही. खरंच नाही.”

कानसनं मान हलवली. आता तिनं बाजूला व्हायचं, आणि पुढची वाट साळुंकीनं चालायची. तशी पद्धत होती. कानस बाजूला झाली नाही. ती दांडीखालून वाकून आत आली आणि साळुंकीसमोर, तिच्या आणि आरशाच्या मध्ये उभी राहिली.

“मागे एकदा जिन्यात मी तुला एक विचारलं होतं. चुकीचं विचारलं होतं. उत्तर आधीच माझ्या हातात धरून विचारलं होतं.”

साळुंकीच्या चेहऱ्यावरचं हसू जायला बघत होतं आणि तिनं ते धरून ठेवलं होतं. “आता काय ते उकरायचं? म्हाताऱ्या झालो आपण. ठीक…”

शब्द अर्ध्यावरच राहिला. तिचा तिलाच ऐकू आला असावा.

“नीट विचारते,” कानस म्हणाली. “तुला मास्तरांची ती खुर्ची हवी होती का?”

बाहेर बाकावर बहीण खोकली. साळुंकीनं दोन्ही दांड्या सोडल्या. एक हात कानसच्या खांद्यावर ठेवला, मग दुसरा. अंगाचा सगळा भार नव्या पायावर घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघितलं.

“हवी होती,” ती म्हणाली. “तुझ्याइतकीच. मास्तरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस, आणि तुझ्या तोंडावर ती हाव मी पहिल्यांदा बघितली. इतक्या वर्षांत तू कशासाठीच असं बघितलं नव्हतंस. म्हणून दिली. तुला मिळाली याचा मला आनंद झाला, तोही खोटा नव्हता. पण रोज सकाळी त्या दारावरून जाताना दुखायचं गं. तुला सांगितलं असतं तर तू उठून मला बसवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही आणि निघून गेले. गुडघे कधीच दुखत नव्हते माझे.”